वाचक विचारतात : मिलानच्या पुस्तकातला लंबक

प्रश्न : मिलानच्या होएप्ली प्रकाशनाची, खिशात मावणारी घड्याळदुरुस्तीची जुनी इटालियन पुस्तिका मिळाली आहे. तिच्यात सेकंदाला एक ठोका देणाऱ्या लंबकाची लांबी 994 मिमी दिली आहे. भिंतीवरच्या घड्याळाला नवा लंबक करायचा आहे. हा आकडा मुंबईत चालेल का?

उत्तर : तसाच घेतलात तर घड्याळ दिवसाला साधारण पावणेदोन मिनिटे मागे पडेल. विषुववृत्ताकडे यावे तसे गुरुत्वाकर्षण कमी होते आणि झोका मंदावतो. मिलान 45 अक्षांशावर, मुंबई 19 वर. मुंबईसाठी 991.5 मिमी धरा.

पण तुमचे घड्याळ सेकंदाच्या लंबकाचे आहे का? घरगुती घड्याळे बहुधा नसतात, मीटरभर लंबकाला पेटीही तेवढी लागते. आधी चाकांचे दात मोजा. मिनिटकाट्याच्या चाकाला 64, पुढच्याला 60, एस्केप चाकाला (लंबकाच्या झोक्याबरोबर एकेक दात सुटणारे शेवटचे चाक) 30 आणि दोन्ही पिनियनना (चाकांच्या दांड्यांवरची छोटी दातेरी चाके) 8-8 दात असतील, तर 64 × 60 × 30 × 2 भागिले 8 × 8, म्हणजे तासाला 3600 ठोके. एस्केप चाकाचा प्रत्येक दात दोन ठोके देतो, म्हणून 2 ने गुणायचे. तुमचा आकडा वेगळा आला, तर 3600 ला त्याने भागा, उत्तराचा वर्ग करा आणि 991.5 ने गुणा. 7200 ठोक्यांना 248 मिमी येतात.

ही लांबी टांगणीच्या पोलादी पट्टीच्या वाकापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत. दांडी जड असेल तर गोळा थोडा खाली लागतो, म्हणून खाली आट्यांना दोन-अडीच सेंटिमीटर जास्त ठेवा. आटा अर्ध्या मिमीचा असेल, तर नटाच्या एका फेऱ्याने सेकंदाच्या लंबकात दिवसाला 22 सेकंदांचा फरक पडतो, 248 मिमीच्या लंबकात 87 चा! छोट्या लंबकाला एका वेळी पाव फेरा पुरे. मग 24 तास थांबा. नट फिरवताना गोळा हाताने धरा, नाहीतर पट्टीला पीळ बसतो आणि लंबक डुलत चालतो.

ठोके लंगडे पडत असतील तर दोष लांबीचा नाही. पेटी किंचित कलवून ठोके कुठे सम होतात ते ऐका, मग लंबक ढकलणारी तार तेवढीच वाकवा आणि पेटी पुन्हा ओळंब्यात लावा.

प्रश्न : घड्याळाला घालायच्या ऑलिव्ह तेलात शिशाचे तुकडे टाकून ते उन्हात निवळायची जुनी कृती वाचली. करावी का?

उत्तर : नको. शिसे तेलातले आम्ल काही प्रमाणात धरते, पण तेल पुढे घट्ट होते आणि पितळेवर हिरवट थर चढतो. घड्याळाचे सिंथेटिक तेल घ्या. पिवोटच्या (चाकाच्या दांडीचे, प्लेटच्या भोकात फिरणारे टोक) खळगीत निम्मीच भरेल इतके घाला. ओसंडले की ते प्लेटवर (चाके धरून ठेवणारा पितळी पत्रा) पसरते आणि भोकच कोरडे पडते. चाकांच्या दातांना तेल अजिबात लावू नका. धूळ मऊ पितळेत रुतते आणि पोलादी पिनियन कातते, म्हणून झिजलेले बहुधा पिनियनच सापडते.

प्लेटा उघडण्याआधी चावीची स्प्रिंग चावीवर हात घट्ट ठेवून पूर्ण उतरवा. ती भरलेली राहिली, तर चाके सुसाट सुटून दात तुटतात. पितळ उजळायला जुन्या पुस्तकांत पोटॅशियम सायनाइड सुचवलेले असते. त्याच्या वाटेला जाऊ नका.