आधी खाली बस, मग कॅमेरा काढ

प्रिय,

तू पाठवलेले मंदिरांतल्या बुद्धमूर्तींचे फोटो सावकाश पाहिले. फोकस अचूक आहे, रंगही चांगले आलेत. तरी बहुतेक फोटोंत मूर्ती झोपली आहे असं वाटतं. दोष कॅमेऱ्याचा नाही. तू सगळे फोटो उभ्याने काढलेस. बहुतेक बुद्धमूर्तींचे डोळे अर्धे मिटलेले आणि नजर खाली झुकलेली असते. खाली बसून वंदन करणाऱ्याला ती नजर भेटावी, हे शिल्पकाराने धरलेलं असतं.

म्हणून मंदिरात आत गेल्यावर पहिली पाच मिनिटं नुसतं बस. पाय मूर्तीकडे पसरायचे नाहीत. थायलंडमध्ये तळवे मूर्तीकडे करणं फार अपमानाचं समजतात, तिथे पाय एका बाजूला मागे दुमडून बसतात. बसल्या जागेवरून बरंच कळतं: उजेड कुठल्या दारातून येतो, लोक कुठे वाकतात, भिक्खू कुठे बसतात. वंदन करणारा आणि मूर्ती यांच्या मधे कधीही शिरू नकोस, फोटो कितीही चांगला दिसत असला तरी.

खालून फोटो काढताना एक चूक हमखास होते. जवळ जाऊन रुंद लेन्स लावली की गुडघे अवाढव्य होतात आणि डोकं लिंबाएवढं. जागा असेल तेवढं मागे सर आणि ८५ ते १३५ मिमीची, म्हणजे दूरचं जवळ आणणारी लेन्स लाव. मोबाइल असेल तर ०.५चं बटण विसर, २ किंवा ३ वापर. जपानमधल्या कामाकुराचा दाइबुत्सु, म्हणजे महाबुद्ध, उघड्यावर आहे, ११ मीटरहून थोडा उंच, तिथे मागे सरकायला भरपूर जागा आहे. बँकॉकच्या वाट फो मंदिरात मात्र ४६ मीटरची पहुडलेली मूर्ती आणि समोर खांबच खांब. ती अख्खी मावणार नाही, हट्ट धरू नकोस. पायांच्या टोकाला जा, तळव्यांवर शिंपल्यात जडवलेली १०८ मंगलचिन्हं बघ, तिथून शरीराची लांबीही दिसते. लडाखमधल्या थिकसे गोम्पातला (मठातला) मैत्रेय, म्हणजे भावी बुद्ध, दोन मजले उंच आहे आणि वरच्या मजल्यावरून चेहरा जवळजवळ समोर येतो. अर्धा फोटो काढायचा असेल तर हात कापू नकोस. मुद्रा, म्हणजे हातांची ठेवण, गेली की मूर्ती काय सांगतेय तेच जातं. भूमिस्पर्श मुद्रेत, म्हणजे उजवा हात जमिनीकडे टेकवलेला असतो तेव्हा, तर उजव्या हाताची बोटं आणि त्याखालची आसनाची कड, दोन्ही हवीत.

आता सोन्याचा मुलामा. अंधाऱ्या दालनात कॅमेरा सगळीकडचा काळोख मोजतो आणि फोटो उजळ करायला जातो, त्यामुळे गालावरचं सोनं पांढरं फटक पडतं. गालावर स्पॉट मीटरिंग कर, म्हणजे कॅमेऱ्याला फक्त तेवढ्याच ठिपक्याचा उजेड मोजू दे, किंवा एक्स्पोजर −०.७ ते −१.३ पर्यंत खाली घे. हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही रंगांचा वेगवेगळा बघ. सोन्यात लाल आधी फुटतो, म्हणजे मर्यादेबाहेर जाऊन त्यातले बारकावे जातात, आणि एकत्र आलेखात ते लपून जातं. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट दाबून धर, फोकस लॉक झाला की सूर्याचं चिन्ह खाली ओढ. तेलाचे दिवे, एलईडी आणि दारातला दिवसाचा उजेड एकत्र असतात, म्हणून रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलीत काढ, रंग नंतर सुधारता येतात. पोलरायझर (चमक कापणारा फिल्टर) लावून सोन्याची चमक जाईल ही आशा सोड. धातूवरची चमक त्याने फारशी कमी होत नाही, उलट दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे निम्मा उजेड). मूर्तीपुढे काच असेल तर तिथे तिरक्या कोनातून तो उपयोगी पडतो.

म्यानमारमध्ये बऱ्याच मूर्तींमागे फिरत्या एलईडीचं प्रभामंडळ असतं. विजेचे दिवे डोळ्यांना न दिसता वेगाने लुकलुकतात. शांतता राखायची म्हणून तू आवाजविरहित इलेक्ट्रॉनिक शटर लावशील आणि फोटोवर आडवे पट्टे येतील. वीज ५० हर्ट्झची असेल तिथे शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेव. जपानमध्ये कामाकुरात ५०, पण नारा-क्योतोत ६० हर्ट्झ, तिथे १/६०. तरीही पट्टे राहिले तर यांत्रिक शटरने दोनच फोटो काढ आणि थांब. ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी बंदी असते. कोपरं छातीशी घट्ट धर, श्वास सोडताना बटण दाब, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ३२०० पर्यंत जाऊ दे. खांबाला टेकलास तर चालेल, रंगवलेल्या भिंतीला कधीच नाही. खांद्यावरची पिशवी पुढे घे. वळताना ती मागच्या दिव्यांच्या रांगेवर आपटते.

नियम दारावरच वाच. बँकॉकच्या ‘पाचूचा बुद्ध’ म्हणतात त्या मूर्तीचा फोटो दालनात काढता येत नाही, क्योतोच्या सांजुसान्गेन्दो मंदिरातही नाही. बोधगयेच्या महाबोधी मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. श्रीलंकेत मूर्तीकडे पाठ करून फोटो काढून घेणं हा अपमान आहे. मूर्तीचं चुंबन घेतानाचे फोटो काढल्याबद्दल २०१२ मध्ये तिथल्या न्यायालयाने परदेशी पर्यटकांना स्थगित कैदेची शिक्षा दिली होती. सोबतच्या कोणाला फोटो हवाच असेल तर त्याला मूर्तीकडे तोंड करून, हात जोडून बसव आणि बाजूने काढ. तो फोटो दिसतोही जास्त सुंदर.

फ्लॅशबद्दल मी वेगळं सांगायला नको, अजिंठ्याचं पहिलं लेणंच सांगेल. गाभाऱ्यात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली, म्हणजे उपदेश देणाऱ्या बुद्धाची मूर्ती आहे. तिच्या चेहऱ्यावर उजेड डावीकडून पडला, उजवीकडून पडला की समोरून, यावर ओठांच्या कडेची सावली सरकते आणि एकाच चेहऱ्याचे भाव बदलतात. समोरून फ्लॅश मारला की ती सावलीच पुसली जाते. तिथे फ्लॅशला बंदी आहेच. बंदी नसेल तिथेही तो पेटीतच ठेव.

पुढच्या मुक्कामी एकच मूर्ती निवड. सकाळी दार उघडल्यावर, भर दुपारी आणि दिवेलागणीला, तिन्ही वेळा त्याच जागी बसून एकेक फोटो काढ. तिन्हींच्या मूळ रॉ फाइली पाठव, काही दुरुस्ती न करता.