बॅरल कापू नका, आधी चोक बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. तुम्ही मिशिगनला आहात, जुनी रेमिंग्टन ८७० (छर्ऱ्यांची पंप शॉटगन) सेकंडहँड घेतलीत, २८ इंची बॅरल झाडीत अडकते म्हणून ती कापून २० इंच करायची आणि एप्रिल-मेमध्ये टर्की पक्ष्याच्या शिकारीला वापरायची, आणि दुकानदार म्हणतोय पॅटर्नमध्ये, म्हणजे छर्रे जसे पसरून पडतात त्यात, फरक पडणार नाही. अगदी हेच मला एका दुकानात सांगितलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी गनस्मिथ नाही, इतकी वर्षं कागदावर छर्रे मोजत आलोय तेवढ्यावर बोलतोय.

दुकानदार अर्धं खरं बोलतोय. नुसत्या लांबीने पॅटर्न घट्ट किंवा सैल होत नाही, हल्लीची पावडर १८-२० इंचात जवळपास जळून जाते, त्यामुळे वेगही थोडाच कमी होतो. पण १९८६ मध्ये रेमिंग्टनचा रेम चोक (स्क्रूसारखी बसणारी सुटी चोक ट्यूब) आला, त्याआधीच्या बॅरलमध्ये चोक, म्हणजे छर्रे एकत्र ठेवणारा अरुंद भाग, सहसा नळीतच घडवलेला असतो, तोंडाकडच्या शेवटच्या दोन-तीन इंचात. वरचे आठ इंच कापले की चोकही त्या तुकड्याबरोबर गेला! राहतो तो सरळ सिलिंडर बोअर, म्हणजे कुठेही अरुंद न होणारी नळी. ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात फुल (घट्ट) चोक साधारण ७० टक्के छर्रे टाकतो, मॉडिफाइड (मध्यम) ६०, सिलिंडर ४०. टर्कीचं डोकं-मान केवढी असते ते तुम्हाला माहितीय.

मग दुकानवाले म्हणतात, थ्रेड करून (आतून आटे पाडून) चोक ट्यूब बसवून देतो. माझं नुकसान इथे झालं. नळी आतून आणि बाहेरून एकाच मध्यावर असते असं नाही, चांगला कारागीर आतल्या बोअरचा मध्य धरून रीमर (भोक कातून रुंद करायचं हत्यार) चालवतो. आमच्या महाशयांनी बाहेरचा धरला असणार, कारण ट्यूब किंचित तिरकी बसली. बंदूक पिशव्यांवर टेकवून, खांदा ढिला ठेवून मारली तरी ४० यार्डांवर पॅटर्नचा मध्य खुणेच्या उजवीकडे फूटभर. परत घेऊन गेलो तर काउंटरवरून ऐकवलं की तुम्ही ट्रिगर झटकताय, आणि वर आणखी घट्ट एक्स्ट्रा फुल ट्यूब गळ्यात मारली. आता विचार करा, पॅटर्नच उजवीकडे जात असेल तर तो घट्ट केल्यावर होणार काय? आधी कडेचे चार छर्रे तरी खुणेपर्यंत पोचत होते, मग तेही बंद! बॅरल रिकामी करून, उतरवून, मागच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहिली तेव्हा ट्यूबच्या कडेची कोर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला जवळजवळ नाहीशी दिसत होती. हे त्यांना दाखवलं तरी "चालतं तेवढं" हेच उत्तर. पैसे परत नाहीत, बॅरल परत होणं तर शक्यच नव्हतं. गिऱ्हाईक नवीन आहे, उच्चार वेगळा आहे, म्हणजे याला नेमच धरता येत नाही असं गृहीत धरून बोलणारी माणसं मला आजही सहन होत नाहीत.

त्यामुळे माझं स्पष्ट मत: कापूच नका. ८७० ला मॅगझिनची टोपी काढली की बॅरल निघते, फॅक्टरीची २१ इंची रेम चोकवाली टर्की बॅरल सेकंडहँड शोधा. कापणं, थ्रेड करणं, नेमासाठीची वरची पट्टी नि पुढचा मणी पुन्हा बसवणं, एवढ्या खर्चात बहुतेक ती येते. रिसिव्हर (बंदुकीचा मधला भाग) मॅग्नम, म्हणजे लांब काडतुसांसाठीचा, नसेल तर ३ इंची काडतुसं घालू नका, एवढं मात्र बघा.

चोकच्या आकड्यांत फार अडकू नका. १२ गेज मापाच्या बंदुकीचा बोअर (नळीचा आतला व्यास) .७२९ इंच धरला जातो, मॉडिफाइड त्यापेक्षा सुमारे .०२० ने अरुंद, टर्की चोक साधारण .६६० ते .६७० चे. पण जास्त घट्ट म्हणजे जास्त चांगलं असं नसतं, काही काडतुसं एक्स्ट्रा फुलमधून भोकंभोकं पडलेला पॅटर्न देतात. पावणेदोन औंसाच्या शेलमध्ये ६ नंबरचे शिशाचे ३९० च्या आसपास छर्रे असतात, त्यातले ४० यार्डांवर १० इंची वर्तुळात शंभरेक आले तर माझ्या मते पुरे. वर्तुळ आधी काढू नका, मारल्यावर जिथे गर्दी दिसेल तिथे काढा, मग ते खुणेपासून किती सरकलंय तेही कळतं. स्टील किंवा टंगस्टन वापरणार असाल तर ट्यूबवर तसं लिहिलेलं असल्याशिवाय नको, नळी फुगते. ट्यूब काढून कधीही मारू नका, थ्रेड जातात. आणि ट्यूबला थोडं ग्रीस लावा, नाहीतर पुढच्या वर्षी निघायची नाही.

घराच्या संरक्षणासाठी म्हणून १८ इंची सिलिंडर घेणाऱ्यांचा प्रश्न वेगळा, तिथे चोकच्या मागे लागण्यापेक्षा फ्लाइटकंट्रोल वॅडचं (छर्रे जास्त वेळ एकत्र धरणाऱ्या कपाचं) बकशॉट, म्हणजे मोठ्या छर्ऱ्यांचं काडतूस, आपल्या बंदुकीतून कागदावर मारून बघा, बऱ्याचदा तेवढ्याने काम होतं.

कायद्याचं एकच सांगतो, मी वकील नाही, आपल्या राज्याचे नियम स्वतः वाचा. १९३४ च्या फेडरल कायद्याप्रमाणे बॅरल १८ इंचांखाली किंवा पूर्ण बंदूक २६ इंचांखाली गेली तर प्रकरण गंभीर आहे. माप बंद बोल्टपासून (काडतुसामागे मिटणाऱ्या भागापासून) तोंडापर्यंत, बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघून आतून काठी घालून घ्यायचं, आणि बाहेर आलेली सुटी चोक ट्यूब त्यात धरत नाहीत.

बॅरलवर डाव्या बाजूला काय कोरलंय त्याचा फोटो टाका, चोक कोणता आणि चेंबर (काडतूस बसतं ती जागा) किती ते त्यावरून सांगता येईल. तोवर दुकानात बॅरल ठेवून येऊ नका.