फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आले, पुढे काय?

प्रश्न : मोबाईल कंपन्यांच्या स्पर्धेमुळे आपल्याकडे इंटरनेट आधीच स्वस्त झाले आहे. असे असताना देशभर वेगवान इंटरनेटचे जाळे सरकारने सार्वजनिक पैशातून का उभारावे? जे काम बाजार करू शकतो, त्याचा भार करदात्यांवर टाकणे योग्य आहे का?
— एक सेवानिवृत्त रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : आपली शंका रास्त आहे आणि सार्वजनिक पैशाविषयीची आपली काळजी मलाही वाटते. तरीही माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट सांगतो. जाळ्याचा जो भाग उभारण्यात कोणत्याही कंपनीला नफा दिसत नाही, त्याचा खर्च सरकारने केलाच पाहिजे. मात्र तो पैसा किती किलोमीटर तार पुरली हे पाहून नव्हे, तर ती तार वर्षातून किती दिवस चालू राहिली हे पाहून दिला पाहिजे.

प्रथम पैशाविषयी. या कामासाठी आपल्यावर नवा कर बसवावा लागत नाही, कारण तो पैसा आपण गेली वीसहून अधिक वर्षे भरतच आहोत. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या (म्हणजे ठरावीक वजावटी करून उरलेल्या उत्पन्नाच्या) 8 टक्के रक्कम परवाना शुल्क म्हणून सरकारला देतात आणि त्यातला महसुलाच्या 5 टक्क्यांइतका वाटा ज्या भागांत सेवा पोहोचत नाही त्या भागांसाठी राखलेला असतो. एप्रिल 2002 पासून सार्वत्रिक सेवा दायित्व निधी या नावाने चालत आलेली ही व्यवस्था 2023 च्या दूरसंचार कायद्यानंतर ‘डिजिटल भारत निधी’ झाली. शुल्क कंपनी भरत असली तरी ते शेवटी ग्राहकाच्या बिलातूनच निघते. म्हणजे सातपुड्यातल्या मोलगीच्या बाजारात रिचार्ज मारणारा माणूसही या निधीत भर घालतो, आणि त्याच्या पाड्यावर रेंज नसेल तर त्याच्याच नावाने जमा झालेला पैसा त्याच्यापर्यंत पोहोचलेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

आता बाजाराविषयी. जळगाव शहरात एका गल्लीत दोन-तीन कंपन्यांच्या तारा खांबांवरून गेलेल्या दिसतात, कारण तिथे थोड्याशा तारेवर शेकडो घरे मिळतात. नंदुरबार जिल्ह्यातल्या डोंगराळ अक्राणी तालुक्यात डोंगरधारा ओलांडत तेवढीच तार नेली, तर एखाद्या पाड्यावरची मोजकी घरे हाती लागतात आणि त्यांना परवडणाऱ्या दरात तो खर्च निघत नाही. कंपनीने तिथे न जाणे हा तिचा दोष म्हणता येणार नाही. पण म्हणून त्या घरांनी वाट पाहत बसावे, हेही मान्य करता येणार नाही. त्यातच मोबाईलची सेवाही शेवटी तारेवरच उभी असते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. टॉवरपासून आपल्या हातातल्या फोनपर्यंतचा टप्पा तेवढा बिनतारी असतो. टॉवरच्या मागे फायबर, म्हणजे प्रकाशातून संदेश नेणारी काचेची तार, नसेल आणि गावभर लोक एकाच वेळी जोडले गेले, तर फोनवर रेंजचे सगळे दांडे दिसतात, पण पान उघडत नाही. खान्देशातल्या कितीतरी गावांचा हा संध्याकाळचा रोजचा अनुभव आहे.

शिवाय सरकारनेच आपले व्यवहार या जाळ्यावर नेले आहेत, आणि माझ्या लेखी हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातले पहिले आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देण्यात आले. तेव्हापासून रेशन, शिष्यवृत्ती, पीक पाहणी आणि अनुदान यांच्या नोंदी एकेक करून ऑनलाइन होत गेल्या. अंगठा लावल्याखेरीज धान्य नाही, असा नियम जे शासन करते, त्याच शासनावर तो अंगठा जुळवणारी जोडणी देण्याची जबाबदारीही येते.

आपण रेल्वेत आयुष्य घालवले आहे, म्हणून एका जुन्या गोष्टीची आठवण करून देतो. भुसावळला रेल्वे आणणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीला सरकारने तिच्या भांडवलावर 5 टक्के परताव्याची हमी दिली होती आणि कमी पडणारी रक्कम हिंदुस्थानच्या महसुलातून भरली जात असे. नफ्याची खात्री आधीच मिळाल्यामुळे काटकसरीची निकड उरली नाही आणि या हमीच्या पद्धतीवर त्या काळीच कडक टीका झाली. सरकारने पैसा द्यावा, पण जोखीम सगळी आपल्याकडे आणि लाभ सगळा कंत्राटदाराकडे अशा रीतीने देऊ नये, हा धडा इंटरनेटच्या जाळ्यालाही लागू पडतो.

तो किती लागू पडतो, हे भारतनेट या केंद्राच्या ग्रामीण इंटरनेट योजनेच्या इतिहासावरून दिसते. देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर 2011 मध्ये मंजुरी दिली, तेव्हा दोन वर्षांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात पहिल्या एक लाख ग्रामपंचायतींचा टप्पा पूर्ण व्हायला डिसेंबर 2017 उजाडले. ऑगस्ट 2023 मध्ये 1,39,579 कोटी रुपयांचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. यात दोन बदल महत्त्वाचे आहेत. पहिला असा की, पूर्वी तार तालुक्याकडून एकामागून एक गावे घेत सरळ पुढे जात असे, त्यामुळे ती एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावे बंद पडत. आता ती वर्तुळाकार जोडायची आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने संदेश येत राहील. दुसरा बदल मला अधिक मोलाचा वाटतो : उभारणी करणाऱ्याकडेच पुढची 10 वर्षे देखभालीची जबाबदारी आहे.

देखभालीवर मी इतका भर का देतो, ते सांगतो. गेल्या उन्हाळ्यात सातपुड्याच्या पायथ्याशी एका ग्रामपंचायतीच्या कार्यालयात गेलो होतो. भिंतीवर फायबरचा पांढरा डबा होता, त्यावर धुळीचा थर होता आणि एकच तांबडा दिवा लागलेला होता. तार कुठेतरी तुटली आहे, असा त्या दिव्याचा अर्थ. रस्त्याचे रुंदीकरण करताना जेसीबीने ती तोडली होती आणि त्याला पाच महिने झाले होते. रस्त्याचा ठेकेदार म्हणे तार आमची नाही, तार टाकणारा म्हणे आमची मुदत संपली. बाहेर रेशन दुकानदार अंगठ्याचे यंत्र हातात धरून देवळाच्या ओट्यावर उभा होता, कारण गावात तेवढ्याच जागी मोबाईलची रेंज येत असे. एका म्हाताऱ्या बाईने तिथे चार वेळा अंगठा लावला. पाचव्यांदा जुळला तेव्हा तिने पदराने बोट पुसले आणि काही न बोलता पिशवी पुढे केली. कागदोपत्री ते गाव ‘जोडलेले’ आहे.

आपल्या धुळ्याकडे पांझरा नदीवर फडपद्धतीचे, म्हणजे शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीचे, बंधारे आहेत. बंधारा एकदाच बांधला जातो, पण शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोहोचते ते पाटावरून रोज फिरणाऱ्या, फुटलेली कड त्याच दिवशी बुजवणाऱ्या पाटकऱ्यामुळे, आणि त्याचा मोबदला लाभधारकांनी ठरवून दिलेला असतो. फायबरच्या जाळ्यात आपण बंधाऱ्यावर कोट्यवधी रुपये घातले आणि पाटकरी नेमायला विसरलो. गावातल्याच एखाद्या आयटीआय झालेल्या मुलाला तार जोडण्याचे शिक्षण, यंत्र आणि महिन्याचा ठरलेला मोबदला दिला, तर पाच महिन्यांचे काम दोन दिवसांत होईल, यावर माझा विश्वास आहे.

आपण स्पर्धेचा मुद्दा मांडला आहे, त्याला माझा विरोध नाही. तार सार्वजनिक असावी आणि तिच्यावरून सेवा देण्याची मुभा सर्वांना समान अटींवर असावी. मोठ्या कंपनीला आणि सावद्याच्या छोट्या केबलवाल्यालाही. रस्ता सरकारचा आणि गाड्या ज्याच्या त्याच्या, ही व्यवस्था आपल्याला नवीन नाही.

प्रश्न : उपग्रहावरून थेट इंटरनेट मिळू लागले आहे. मग डोंगर खोदण्याची गरजच काय?
— एक शिक्षक, धडगाव

उत्तर : नर्मदाकाठच्या ज्या पाड्यांवर रस्ताही धड जात नाही, तिथे उपग्रह हाच आजचा शहाणपणाचा मार्ग आहे आणि तिथल्या शाळेसाठी व आरोग्य उपकेंद्रासाठी तो खर्च शासनाने आपल्या निधीतून करावा. परंतु उपग्रहाची क्षमता खालच्या मोठ्या प्रदेशात वाटली जाते आणि छतावरच्या साधनाचा खर्च एका कुटुंबाला जड जातो. फायबर एकदा जमिनीत गेले की ते दशकानुदशके टिकते आणि दोन टोकांची यंत्रे बदलून त्याच तारेचा वेग वाढवता येतो. आज ब्रॉडबँडची किमान मर्यादा 2 एमबीपीएस आहे. आपल्या वर्गात तीस मुले एकाच वेळी धडा पाहू लागली, तर ती किती अपुरी आहे हे आपल्याला मी सांगायला नको.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीतला डबा बंद आहे. आम्ही काय करू शकतो?
— एक केळी उत्पादक, यावल तालुका

उत्तर : ग्रामपंचायतीत एक साधी वही ठेवायला लावा. तांबडा दिवा कोणत्या तारखेला लागला, तक्रार कोणाकडे आणि कधी केली, दुरुस्ती कधी झाली, एवढे तीन रकाने त्यात पुरेत. प्रत्येक ग्रामसभेत ती वही वाचून दाखवावी, त्याची इतिवृत्तात नोंद घ्यावी आणि प्रत गटविकास अधिकाऱ्यांना व जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावी. रस्त्याचे, नळाचे किंवा गटारीचे कोणतेही खोदकाम मंजूर करताना तार कुठून गेली आहे ते ठेकेदाराला लेखी कळवण्याचा ठराव करावा. आणि आपल्याकडे शाळा, अंगणवाडी, सोसायटी, आपले सरकार सेवा केंद्र अशा किती ठिकाणी जोडणी हवी आहे, याची यादी सोबत जोडावी. मागणीच नाही, हे कारण पुढे केले गेले, तर ती यादी हाताशी राहील.