'डी' दिसला तरी बांध हलवू नका

प्रश्न : हातातल्या जीपीएसवर 'वास' नावाची सोय चालू केल्यापासून उपग्रहांच्या पट्ट्यांवर 'डी' अक्षर येतं. उघड्या रानात येतं, चिंचेखाली गेलो की जातं. 'डी' असताना घेतलेल्या खुणांवर भावकीतला बांध ठरवला तर चालेल का?
– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव

उत्तर : बांधाचं आधी सांगतो, नाही चालणार. शंभर मीटर लांबीचा बांध दोन मीटर सरकला तरी जवळपास दोन गुंठे इकडचे तिकडे होतात, आणि 'डी' असतानाही दोन मीटरची चूक सहज राहते.

'डी' म्हणजे त्या उपग्रहाच्या सिग्नलला दुरुस्ती लागली. वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातून येताना सिग्नल रेंगाळतो. किती, ते तुमच्या यंत्राला नेमकं कळत नाही, ते ढोबळ अंदाज धरतं. आपल्या भागावर हा थर फार लहरी. म्हणून इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने विमानांसाठी 'गगन' उभारलं. नेमकी जागा ठाऊक असलेली १५ केंद्रं देशभर सिग्नल ऐकतात, चूक किती याचा हिशेब बंगळुरूत होतो आणि दुरुस्ती भूस्थिर उपग्रहांवरून खाली येते. जीसॅट-८ (२०११) आणि जीसॅट-१० (२०१२) यांवर ही यंत्रणा बसवली आहे. 'वास' हे अमेरिकेतल्या तशाच सोयीचं नाव. मेनूत तेच छापलेलं असतं, पण आपल्याकडे यंत्र ऐकतं ते गगनचं.

गगनचे हे उपग्रह आपल्याला दक्षिणेकडे, क्षितिजापासून साठेक अंश किंवा त्याहून वर, एका जागी ठाण मांडलेले. चिंचेचा घेर नेमका तिथेच आडवा येतो.

वाईजवळ आमच्या विहिरीच्या कठड्यावर एकाच दगडावर यंत्र ठेवून मी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ खुणा घेतल्या. 'डी' असताना त्या दोन मीटरच्या आत पडल्या, नसताना चार-पाच मीटर पांगल्या. मग यंत्र मोटरीच्या पत्र्याच्या खोलीला टेकवून ठेवलं. 'डी' कायम होता, तरी खूण थेट विहिरीच्या मध्यावर! पत्र्यावर आपटून आलेला सिग्नल यंत्राने खरा मानला. आभाळातली चूक गगन काढतं, तुमच्या दारची त्याला दिसत नाही. तुमच्या बागेत तर मांडवाचे लोखंडी अँगल आणि तारा, सिग्नल तिथेही असाच आपटणार.

बांधासाठी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. त्यांचं रोव्हर, म्हणजे मोजणीचं जीपीएस यंत्र, जमिनीवरच्या स्थिर केंद्राकडून दुरुस्ती घेतं आणि सेंटीमीटरात बोलतं. पाइपलाइनचे व्हॉल्व्ह, बोअर यांच्या खुणा मात्र तुमच्या यंत्रावर जरूर घ्या. मांडवाबाहेर उघड्यावर दहा मिनिटं यंत्र ठेवा, पट्ट्यांवर 'डी' आला की खुणेच्या जागी जाऊन नोंद करा.