हडप्पाची लिपी अजून वाचता येत नाही, मग ते लोक काय खायचे हे कसं कळतं?

त्यासाठी लिपी लागतच नाही, चुलीतली राख, फुटकी मडकी, जनावरांची हाडं आणि माणसांचे दात यावरून बरंच कळतं. मी एमएला हेच शिकलोय म्हणून सांगतो, सगळ्यात साधी पद्धत फ्लोटेशन, म्हणजे चुलीजवळची माती पाण्यात ढवळायची, जळून कोळसा झालेले दाणे हलके असतात ते वर तरंगतात, मग बारीक चाळणीत धरून मायक्रोस्कोपखाली बघायचे, गहू, जव, मसूर असं ओळखता येतं. कोळसा झालेला दाणा कुजत नाही म्हणून 4000 वर्षं टिकतो, आणि त्याच दाण्याची कार्बन डेटिंग करून वयपण काढता येतं.

याहून भारी म्हणजे स्टार्चचे कण. हरियाणात फरमाणाला पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तिथल्या मडक्यावर आणि दातांवर अडकलेले कण तपासले तर हळद आणि आलं निघालं! आपल्या रोजच्या डब्यातली हळद तेव्हाच्या चुलीवरपण होती, मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता. मडक्याच्या मातीत मुरलेली चरबीपण लॅबमध्ये काढतात, त्यावरून मांस शिजवलं की दूध ते कळू शकतं.

फक्त एक लक्षात ठेवा, एकाच मडक्यात शंभरदा वेगवेगळं शिजलेलं असतं, त्यामुळे जिन्नस कळतात, रेसिपी नाही, नेटवर 'हडप्पन भाजी' म्हणून फिरतं त्यातलं प्रमाण आणि कृती आजच्या लोकांनी अंदाजाने बसवलेली आहे.