कंपनी कराची झळ कामगारापर्यंत कशी पोचते

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं टिपण वाचलं. ‘कर वाढला की मालक तो पगारातून वळता करून घेतो’ हे वाक्य मला खटकलं. झळ कामगाराला बसते हे खरं, पण ती कोणत्या वाटेने पोचते ते तू चुकीचं सांगतो आहेस असं मला वाटतं.

आधी नफा-तोटा पत्रक समोर घे. पगार हा खर्च आहे. तो वजा जाऊन जो नफा उरतो त्यावर कर लागतो. समज, एका कामगारामुळे कंपनीला १०० रुपये मिळतात आणि त्याचा पगार ९० आहे. उरलेल्या १० वर कर २० टक्के असो की ३०, हातात ८ राहतील नाहीतर ७. दोन्ही वेळा त्याला कामावर ठेवणं परवडतंच.

खरी झळ सावकाश लागते. करानंतरचा परतावा घटला की नवी यंत्रं येत नाहीत किंवा भांडवल दुसऱ्या देशात जातं. कामगार जुन्याच यंत्रावर राबतो, त्याची उत्पादकता खुंटते आणि मग पगारवाढ अडते. भांडवल उठून जाऊ शकतं. घरदार असलेला माणूस सहसा नाही.

जर्मनीत धंद्याच्या नफ्यावर लागणाऱ्या व्यवसाय कराचा दर नगरपालिका स्वतः ठरवतात. फ्युस्ट, पाइखल आणि सीगलोख या अर्थतज्ज्ञांनी तिथले वीस वर्षांतले बदल तपासले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कराचा साधारण निम्मा भार कामगारांवर पडलेला दिसला. त्यातही कमी कौशल्याचे, तरुण आणि स्त्रिया जास्त भरडले गेले. मला यातलं हेच सर्वांत जास्त लागतं.

म्हणून कर कमी केला की पगार आपोआप वाढतील, असंही समजू नकोस. अमेरिकेने २०१७ च्या कायद्याने दर ३५ टक्क्यांवरून २१ वर आणला. कुटुंबामागे वर्षाला सरासरी किमान ४००० डॉलर वाढतील, असं सरकारच्या आर्थिक सल्लागारांनी सांगितलं होतं. पुढे करविवरणांवरून झालेल्या अभ्यासात कमाई वाढलेली दिसली ती मुख्यतः कंपनीतल्या वरच्या १० टक्के पगारदारांची.

टिपण पुन्हा लिहिताना सरासरी पगारावर थांबू नकोस, खालच्या थरातलं वेतन वेगळं काढ. यंत्रखरेदीचा सगळा खर्च पहिल्याच वर्षी वजा करू देतात का, तेही बघ. देत असतील तर नव्या गुंतवणुकीवरचा कराचा भार बराच उतरतो आणि तुझं गणित बदलतं. खर्डा झाला की लगेच पाठव.