अपूर्णांकी कोटीची (कोटी म्हणजे क्रिया किती वेळा करायची तो आकडा, इथे १/२ सारखा) बेरीज आणि फरक यांचा क्रम बदलता येतो का? फरक म्हणून डेल्टा (पुढच्या किमतीतून चालू किंमत वजा) घ्यावा की नाब्ला (चालू किमतीतून मागची वजा)?

दोन्ही बेरजाच असतील तर क्रम बदलता येतो. बेरीज आणि फरक एकत्र आले की येत नाही, कारण फलनाची आरंभबिंदूवरची किंमत आडवी येते; तिच्यामुळे येणारे जादा पद म्हणजे सीमापद. हे इतक्या ठामपणे सांगतो, कारण एम.फिल.च्या तोंडी परीक्षेत याच मुद्द्यावर मला गप्प बसवले गेले. बहिःस्थ परीक्षकांनी माझ्या प्रबंधातील सीमापदावर पेन्सिलीने काट मारली आणि विचारले, "घातांकाचे नियम लागू असताना हे शेपूट कशाला?"

मी फळ्याकडे गेलो आणि शून्यापासून पुढच्या सर्व पूर्णांकांवर १ हीच किंमत असणारे फलन घेतले. त्याचा फरक शून्य, त्यामुळे आधी फरक घेऊन मग १/२ कोटीची बेरीज केली तर शून्यच मिळते. उलट आधी बेरीज केली तर भार (ताज्या किमतीपासून मागे जाताना एकेका किमतीला गुणायचे आकडे) १, १/२, ३/८ असे उतरत जातात, १/२, ३/२, ५/२ या बिंदूंवर १, १.५, १.८७५ या किमती येतात आणि त्यांचे फरक ०.५ व ०.३७५ निघतात. प्रांत (म्हणजे फलन ज्या बिंदूंवर दिलेले असते ते बिंदू) अर्ध्याने सरकला आहे हेही इथेच दिसते. १/२ या नव्या आरंभबिंदूपासून तीच बेरीज पुन्हा केली की १, २, ३ ही नेहमीची बेरीज हाती येते. एवढे लिहून होईतो मार्गदर्शकांनी मला खुणेने बसायला सांगितले आणि दुरुस्त प्रतीतून ते पद मी स्वतःच्या हाताने काढले. फेरहान अतिजी आणि पॉल एलो या गणितज्ञांनी २००९ च्या निबंधात हेच पद प्रमेयात दिले आहे. त्याची झेरॉक्स त्या दिवशी माझ्या फायलीत होती आणि ती मी बाहेर काढली नाही, हे मला आजही सलते.

तेव्हा सीमापद गाळा असे कोणीही सांगितले तरी ऐकू नका. अपूर्णांकी फरकाच्या दोन व्याख्या आहेत: रीमान-लिऊव्हिल पद्धतीत आधी बेरीज व मग फरक, कपुटो पद्धतीत आधी फरक व मग बेरीज. क्रम बदलून चालले असते तर दोन व्याख्या लागल्याच नसत्या. अर्थात आरंभबिंदूवर फलन शून्य असेल, तर १ पेक्षा लहान कोटीला दोन्ही एकच होतात. नाब्लात प्रांत सरकत नाही, म्हणून हिशेब सुटसुटीत होतो, पण सीमापदातून सुटका तिथेही नाही. आणि स्थिर फलनाचे हे उदाहरण प्रबंधाच्या पहिल्याच प्रकरणात छापा, फळ्यावर लिहायला पुरेसा वेळ मिळत नाही.